पद्मीनआक्का बाहेर का होती

लेकरू धावत आलं की पद्मीनआक्का हातातलं काम टाकायची. टाकायची म्हणजे अक्षरशः टाकायची. झारा खिचडीत, तांब्या असेल तिथं, झाडू दारात आडवा. लेकरू शेंबडं असो, चिखलात लोळून आलेलं असो, नाहीतर चड्डी ओली करून बसलेलं असो, आधी ते उचलून कडेवर घ्यायचं आणि मग बाकीचं जग. आमच्या अंगणवाडीत ती मदतनीस आणि मी सेविका, म्हणजे कागदोपत्री मी तिची वरिष्ठ. खिचडी करपल्याचा वास आला की मी ओरडायचे आणि ती कडेवरच्या लेकराचं नाक पदरानं पुसत म्हणायची, "करपू दे की बाई. भात काय, दुसरा शिजतोय."

माझ्यावर ती खरी चिडली ती एकदाच, मी नोकरीला लागले त्याच महिन्यात. तालुक्याहून मॅडम तपासणीला येणार होत्या म्हणून मी इस्त्रीची साडी नेसून गेले होते. एक पोरगं राडभरल्या हातांनी माझ्याकडं आलं आणि मी पटकन म्हणाले, "ए, शिवू नको मला." आक्का आतून बाहेर आली, पोराला उचललं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "साडी धुवून निघती. लेकराला असं म्हनायचं न्हाय." त्या दिवशी ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. मला वाटलं, मदतनीस असून भलतीच ताठ आहे बाई.

माझं माहेर कळंबचं. भूकंप झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. मांडणीवरची भांडी खडखडली, वडिलांनी आम्हाला ओढत रस्त्यावर आणलं, आणि उजाडल्यावर कळलं की लोहारा-उमरग्याकडं गावंच्या गावं गेली. आईनं आणि गल्लीतल्या बायकांनी दिवसभर भाकरी थापल्या, त्या ट्रकमधून गेल्या. आम्हा पोरांना मात्र शाळेला सुट्टी मिळाल्याचा आनंद झाला होता. पुढं लग्न होऊन मी त्याच भागात आले, माकणीच्या जवळच्या एका गावात. सगळं गाव नव्यानं वसवलेलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. जुनं गाव थोड्या अंतरावर वेड्या बाभळींत पडून आहे. माझ्या सासूबाईंची थोरली लेक तिथंच गेली. नव्या गावात असं एकही घर नाही की ज्यातलं कुणी तिथं ढिगाऱ्याखाली राहिलं नाही, आणि हे कळल्यावर मी त्या सुट्टीचा विषय कुणाजवळ काढला नाही.

आक्काचं तर कुणीच उरलं नव्हतं. नवरा, सासू, सासरा आणि चार वर्षांचा मुलगा, बालाजी. ती एकटी वाचली आणि कशी वाचली हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. ती अनंत चतुर्दशीची रात्र. गणपती बुडवून माणसं दमून घरी आली, झोपली, आणि उजाडायच्या आत माळवदाची घरं दगडमातीसकट अंगावर आली. आक्का मात्र देवाचं नाव घेत अंगणात बसली होती. भक्तीनं तिला तारलं. झालं! एवढ्याशा गोष्टीला दर सप्टेंबरात नवी पालवी फुटायची. एका पत्रकारानं तिच्या हातात आरतीचं ताट दिलं. दुसऱ्यानं लिहिलं की ढिगाऱ्याशेजारी निरांजन तेवतच होतं. सप्ताहाला आलेल्या एका महाराजांनी तर कीर्तनात उंदीर आणला. म्हणे एक भला मोठा उंदीर आक्काचा पदर दातात धरून तिला ओढत बाहेर घेऊन आला. सगळा मंडप हात जोडून बसला. आक्का माझ्या कानाशी लागून म्हणाली, "उंदीर लईच गुनाचा म्हनायचा. लुगडं जरा बी कुरतडलं न्हाय."

तिनं स्वतः त्या गोष्टीत कधी काही घातलं नाही, आणि तिच्यातून काही काढलंही नाही. कुणी विचारलं की एकच वाक्य, पाढा म्हटल्यासारखं: "देवाचं नाव घेत बसले हुते, म्हनून ऱ्हायले." मग लगेच दुसरा विषय. बायका तिच्या पाया पडायच्या. बारशाआधी तान्हं लेकरू पहिल्यांदा तिच्या मांडीवर द्यायची गावात रीतच पडली होती. गणपतीत मंडपात आरतीचा पहिला मान तिचा, पण ती कधी आत जायची नाही. दोरीबाहेर उभी राहून हात जोडायची. "नगं बाई, म्या हितनंच दिसते देवाला," म्हणायची. लोकांना ती तिची नम्रता वाटे. मलाही तेच वाटे.

आमच्या गावात भूकंपाच्या तारखेला स्मारकाजवळ कार्यक्रम असतो. गेलेल्यांची नावं वाचतात, दोन मिनिटं उभं राहतात, मग शाळेच्या मुली प्रार्थना म्हणून फुलं वाहतात. आक्का व्यासपीठावर, सरपंचांच्या शेजारच्या खुर्चीत. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमात प्रार्थना म्हणायला माझी श्रावणी होती. आठवीतली पोरगी, आठ दिवस तालीम केली होती. त्या दिवशी सकाळी तिला पाळी आली.

सासूबाई म्हणाल्या, "स्मारकाला शिवायचं न्हाय तिनं. माझी लेक हाय तिथं, पितर हाय ती." आता मी कोण? दर महिन्याला किशोरवयीन मुलींची बैठक घेऊन, तक्ता भिंतीला टांगून, पाळीत अपवित्र असं काही नसतं हे मोठ्या आवाजात सांगणारी बाई. त्याबद्दल मला तालुक्याला शालही मिळाली आहे. मी श्रावणीला म्हणाले, "आजीचं मन राख. कार्यक्रमाला चल, पण लांब बस." ती युनिफॉर्म घालून आली आणि कुंपणाबाहेरच्या लिंबाखाली बसली. तिची जागा दुसऱ्या मुलीनं घेतली.

आक्का व्यासपीठाकडं जाता जाता थांबली. "ही तिथं का बसलीय?"

"अडचण आहे तिला," मी खालच्या आवाजात म्हणाले.

"कुनी बसिवलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं आणि वर गेली.

नावं वाचून झाली. त्यात बालाजीचंही नाव होतं. मग सरपंचांनी नेहमीसारखं सांगितलं, आता आक्का आपला अनुभव सांगतील. आक्का उठली, माईक दोन्ही हातांनी धरला.

"मला दरसाली इचारत्यात, कशी वाचली. म्या नाव घेत बसले नव्हते. म्या बाहीरची हुते. तिसरा दिस हुता."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खोकलं.

"सासूनं गुरांच्या छपरात गोधडी टाकून दिल्ती. समद्या बायका नटून गनपती बुडवाया गेल्या आन म्या शेनात. नाव कशाचं घेतीया? शिव्या देत झोपले हुते देवाला. रातच्याला बालाजी उठून आला. आई, तुज्यापाशी झोपतो म्हनला. आता, आमच्यात नेम हाय, लेकराच्या अंगावर कापड नसलं तर इटाळ लागत न्हाय. तेच्या अंगात सनाचा नवा सदरा हुता. बारीक गुंड्या. त्यो काढला असता, तर घेता आलं असतं कुशीत. मला झोप आल्ती. कट्टाळा केला म्या. म्हनले, शिवू नगं, आजी गार पान्यानं अंगूळ घालंल, जा आत. गेला. रडला बी न्हाय. लई सालस हुता."

सरपंच अर्धवट उठले होते. आक्कानं त्यांच्याकडं बघितलंच नाही.

"छावनीत सायबानं इचारलं, बाई तुमी बाहीर का हुता. समदे बाप्ये भवताली. त्यो शबूद कसा काढू तोंडातनं? म्हनले, नाव घेत हुते. तवापास्नं तेच चाललंय. देवानं वाचिवलं म्हनू नगा मला. देवाला तर आमी सांच्यालाच हिरीत बुडिवला हुता." मग कुंपणाकडं हात करून म्हणाली, "आन त्या पोरीला तिथनं उठवा."

कुणीही उठलं नाही. सरपंचांनी माईक हळूच काढून घेतला. "आक्कांच्या भावना आज अनावर झाल्यात, आपण समजून घेऊ," म्हणाले आणि प्रार्थना सुरू करायला सांगितली. मुलींनी ती म्हटली.

पुढं काय झालं ते सांगते. भांडण झालं नाही, कुणी तिला टाकून बोललं नाही. गाव नुसतं गप्प झालं. पाणवठ्यावर मात्र मी ऐकलं, "इतकी सालं इटाळाच्या बाईच्या पाया पडाया लावलं आमाला." दुसरी म्हणाली, "तेवढा एक चमत्कार हुता गावात, त्यो बी मोडला." तान्ही लेकरं मांडीवर द्यायला येणं बंद झालं. पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात तिची खुर्ची नव्हती. पत्रकार आला, चौकशी करून गेला, छापलं काहीच नाही. लोक चमत्कारावर रागावले होते की स्वतःवर, मला सांगता येणार नाही. प्रत्येक घरात त्या रात्रीचं काहीतरी असणार, कुणाला तरी रागानं आत पाठवलेलं, कुणाचं तरी दार बाहेरून लावलेलं. ते सगळं आक्काच्या चमत्काराखाली इतकी वर्षं नीट झाकून राहिलं होतं.

एकदा खिचडी वाढताना मी तिला विचारलं, "आक्का, बोलून टाकलंत ते, आता हलकं वाटतं का?"

"हलकं कशाचं, बाई? डोस्क्यावरचं वज्जं खाली घेतलं, आता हातात धरून हिंडतीया."

"आणि देवावरचा राग?"

"त्याच्यावर कशाला राग? नेम त्यानं केल्ता व्हय? म्या केला, सासूनं केला. देव बिचारा, बसिवलं तिथं बसतोय, बुडिवलं तिथं बुडतोय." आणि बोलता बोलता तिनं झारा सोडून एका रडक्या पोराला कडेवर घेतलं. पुढच्या वर्षी गणपतीत ती मंडपाची दोरी उचलून पहिल्यांदाच आत गेली. मूर्तीपुढं बराच वेळ उभी राहिली. काय मागितलं, मी विचारलं नाही.

गेल्या थंडीत ती गेली. ताप अंगावर काढला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. परंड्याहून तिचा भाऊ आला, त्यानं सगळं केलं. अंगणवाडीची पोरं चार-पाच दिवस स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन बघायची आणि परत यायची. दहाव्याला गावानं चौकात फ्लेक्स लावला. आक्काचा फोटो, खाली 'श्री गणेशाच्या निस्सीम भक्त', आणि कोपऱ्यात रंगीत आरतीचं ताट. मेल्यावर तिला गावानं पुन्हा अंगणात नाव घेत बसवलं. मी त्या फ्लेक्सखालून रोज अंगणवाडीला जात होते. माझं गावात थोडंफार वजन आहे, सरपंचांना एक शब्द बोलता आला असता. बोलले नाही. वाऱ्यानं फाटेपर्यंत तो तिथंच होता.

पण लाज वाटते ती त्याहून त्या दिवसाची, आणि ती गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. माईक काढून घेतल्यावर आक्का व्यासपीठावरून उतरली आणि सरळ कुंपणाबाहेर गेली. लिंबाखाली श्रावणीच्या शेजारी, तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. सगळं गाव बघत होतं. श्रावणीनं रडत तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मी प्रसादाचं पातेलं धरून बायकांच्या रांगेत उभी होते. सासूबाई माझ्या पलीकडं दोन बायका सोडून.

आक्कानं मला हाक मारली. आवाजात राग नव्हता, अंगणवाडीत मारायची तशीच हाक. "बाई, ये की हिकडं. लेकरू रडतंय तुजं."

मी गेले. गेले हे खरं. पातेलं खाली ठेवलं, कुंपण ओलांडलं, लेकीला जवळ घेतलं. पण त्याआधी मी मान वळवून सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी डोळे खाली घातले होते. त्यांनी नको म्हटलं नाही, आणि ती परवानगी समजून मी निघाले. त्यांनी डोळे वटारले असते तर मी गेले असते का, याचं उत्तर मला माहीत आहे. आक्कालाही ते तिथं बसल्या बसल्या कळलं असणार. तिनं नुसतं सरकून मला जागा करून दिली.

घरी आल्यावर श्रावणीनं युनिफॉर्म बदलता बदलता विचारलं, "आई, आक्कानं हाक मारली तेव्हा तू आधी आजीकडं का बघितलंस?"

"कुठं गं? ऊन आलं होतं डोळ्यांवर, म्हणून मान वळवली," मी म्हणाले.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. श्रावणी हुशार आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही.