मांडवातला तिसरा माइक

नव्वदीच्या दशकात नाशकात लग्नाचं शूटिंग करणारे ढिगाने होते, पण आवाजाची फिकीर करणारा एकटा रावजी. बाकीचे काय करायचे? वऱ्हाडाचे आवाज पुसायचे आणि वर सिनेमाची गाणी ठोकून द्यायचे. झालं लग्न! इकडे नवरीचा बाप रडतोय, तिकडे ढिंगच्याक ढिंगच्याक. रावजीला त्याची भयंकर चीड. "माणसांचं लग्न आहे ना? मग माणसं ऐकू येऊ देत की!" असं तो तोंडावर सुनावायचा.

त्याने मुंबईहून छोटा मिक्सर आणला होता. कॅमेऱ्याला माइक जोडायला जागा एकच. त्यात मिक्सरची वायर जायची, आणि मिक्सरला तीन माइक. एक भटजींपाशी, दुसरा सनईवाल्यांपाशी आणि तिसरा, कॉलरला अडकवायचा बारका, नवरीच्या शालूला. कानाला हेडफोन लावून रावजी बटणं फिरवायचा, कुणाला वर घ्यायचा, कुणाला खाली. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही म्हणेन.

माशी शिंकली ती सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात, त्याच्याच भाचीच्या लग्नात.

त्याची थोरली बहीण अंबूबाई, त्याची अक्का, मखमलाबादला फुलांचा मळा करायची. तिची मोहिनी म्हणजे तोंडाला कुलूप नसलेली पोर, आणि मामाची लाडकी. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली, डी.एड. करून मास्तरीण व्हायचं डोक्यात. तेवढ्यात नामपूरच्या कांदा व्यापाऱ्याचं स्थळ आलं. "असं घर पुन्हा दारात येत नाय," म्हणून अक्काने ठरवूनच टाकलं. पोरीचं "थांब ना गं" कुणी मनावर घेतलं नाही.

आता रीत अशी, की मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं आणि मंगलाष्टकं संपेस्तोवर तिच्या पाठीशी उभं राहायचं. रावजी एकुलता एक सख्खा मामा. पण या शहाण्याने ती जागा चुलतभावाला, मंगळूला देऊन टाकली. का, तर मिक्सरला हात कोण लावणार! अक्का कडाडली, "अरे, तू मामा हायेस का भाडोत्री व्हिडिओवाला?" हा आपला हसला.

सकाळी शालूला माइक अडकवताना मोहिनीने विचारलं, "मामा, हळू बोललं तरी येतं ऐकू?"

"मुंगी चालली तरी येतं," रावजी फुशारकीने म्हणाला.

तिने नुसती मान हलवली.

चौथं मंगलाष्टक चाललं होतं. अंतरपाटामागे मान खाली घालून उभ्या असलेल्या मोहिनीने एकाएकी मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं. मागे हातभर अंतरावर उभ्या मंगळूला काही कळलं नाही. रावजीच्या कानात मात्र लख्ख आलं, "मामा, मला हे लग्न नको."

आणि त्याने तिसरं बटण खाली केलं. पार खाली.

खोटं कशाला बोलू? तिला गप्प करावं असं त्याच्या मनात नव्हतं. मंगलाष्टकांच्या मध्ये कुणी बोललं की हात आपसूक बटणावर जायचा, वर्षानुवर्षांची सवय ती. हात आधी गेला, अर्थ मागाहून पोचला. बरं, पोचल्यावर तरी? मोहिनीचे ओठ अजून हलत होते, डोळे त्याच्या हातावर होते. हेडफोन भिरकावून आठ-दहा पावलं जायची होती. पण पाचशे माणसं, मांडलेली पंगत, अक्काची अब्रू... रावजी विचारच करत राहिला आणि अक्षता पडल्या. ती पुढे काय बोलली, ते त्याला आजतागायत ठाऊक नाही.

वर त्याने आणखी एक पाप केलं. कॅसेट तयार करताना "मामा" एवढंच राहू दिलं आणि पुढच्या शब्दांवर सनई चढवली. आयुष्यभर ज्याला नावं ठेवली, तेच!

मोहिनीला सासरी मारझोड नव्हती, उपासमार नव्हती. खळ्यात कांदा निवडायचा, पोरं सांभाळायची. पण माहेरी आली की विचारलेल्याला "हो", "बरं", बस्स. आमची ती बडबडी मोहिनी! रावजीला ते सोसवेना. त्याने पुढे लग्नाची कामं घेणं सोडलं आणि लोकांच्या जुन्या कॅसेटच्या सीड्या करून देऊ लागला. "एकदा तिच्यासमोर कबूल करायचंच," असं दर वर्षी घोकायचा आणि दर वर्षी शेपूट घालायचा.

दोन हजार सहाच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मोहिनी माहेरी आली होती. अक्काने हट्टाने लग्नाची सीडी लावायला लावली. दुपारची वेळ, आमरसाची जेवणं झालेली, सगळे समोर बसलेले. अंतरपाट आला, मोहिनीने वर पाहिलं, "मामा" म्हणाली आणि सनई वाजली.

"बघा!" अक्का कौतुकाने म्हणाली. "बोहल्यावरबी मामालाच हाक! आई गेली उडत. काय गं सांगत होतीस त्याला?"

मोहिनीने रावजीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. सांगायचं तर आत्ता, हे त्याला कळत होतं. ती वाट पाहत होती, हेही कळत होतं.

"काय की," तो म्हणाला. "सनईचा एवढा गलबला होता, मला काही ऐकूच आलं नाही."

मोहिनीने मान खाली घातली.

"माझंच चुकलं, आई," ती म्हणाली. "मोठ्याने बोलायला हवं होतं."

मग ती उठली आणि खरकटी ताटं गोळा करू लागली.