खंडेनवमीची वायर

झेंडूचा वास आला की मला नवापूरजवळची एक पोल्ट्री आठवते. खंडेनवमीची रणरणती दुपार होती आणि तिथलं सगळं नेटवर्क बंद पडलं, म्हणून ते दुरुस्त करायला आम्हाला बोलावलं होतं. शेडमधले पंखे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून चालायचे. ते थांबले होते आणि कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. ऑफिसात नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथं जुळतात त्या स्विचच्या डबीला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातलेली, आणि माळेआडून त्याचे सगळे दिवे एकदमच पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. माझ्या सीनियर मॅडमनी विचारलं, "काका, आज इथं काही हलवलंत का?" पूजा मांडणारे सुपरवायझर म्हणाले, "नही ना. एक वायर लटकी ऱ्हायनी व्हती, पूजाना दिन बरं दिखे ना, म्हनीसन मोकळा खाचमा खोसी दिनी." लोंबतं टोक त्यांनी स्विचच्या रिकाम्या खाचेत खोचलं होतं. त्या वायरचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं, आणि कॉम्प्युटरचा एकच निरोप त्या फेऱ्यात गरगरत, वाढत, सगळ्यांची वाट अडवून बसला होता. वीतभर वायर, आणि हजारो जीवांचा श्वास तिच्यात अडकलेला! मॅडमनी ती ओढून काढली. दिवे निवले, आणि पलीकडे एकेका शेडचे पंखे घुमू लागले. काकांनी स्विचला हात जोडले. नकळत मीही जोडले. आता मी आखलेल्या नेटवर्कमध्ये असा फेरा स्विच स्वतःच तोडतो. तरी दसऱ्याच्या बाजारात झेंडूच्या ढिगापाशी मी थबकतो, आणि कान अजून ते पंखे सुरू व्हायची वाट बघतात.