आवाज बंद करून

आमची ताई बातम्यांच्या चॅनलमध्ये व्हिडिओ कापते. कापताना आवाज बंदच ठेवते, कारण वर निवेदिकेचा आवाज चढवायचा असतो. काल तिच्यापुढे आमच्या धाकट्याच्याच मोर्च्याचं फुटेज आलं. कॉलेजची बस बंद केली म्हणून पोरगा तासभर पोटतिडकीने बोलला होता. साहेबांना हवे होते दहा सेकंद, तेही चटपटीत. पाणी पिताना तो मित्राकडे बघून हसला होता, तेवढंच ताईने ठेवलं. खाली पट्टी फिरली: 'आंदोलन की सहल?'

जेवताना बाबा भडकले, "तिथे दात काढायला जातोस का?"

धाकटा ताईकडे वळला. "तू तरी माझं सगळं बोलणं ऐकलंस ना?"

"ऐकलं की," ताई म्हणाली. "छान बोललास."