ध्रुवावरचा धूर

“म्या डोळ्यानं बघितलंय, सर,” हे आमच्या मिस्त्रीचं पालुपद. विहिरीवरची मोटार बिघडली म्हणून बोलावलं की गुडघे टेकून तिला कान लावायचा आणि आतला बिघाडही डोळ्यानं बघितल्यासारखाच सांगायचा.

असा एखादा मिस्त्री तुमच्याही गावात असेल. पाथरीकडच्या आमच्या गावातला मात्र उत्तर ध्रुवाजवळ राहून आला होता. संशोधकांच्या तुकडीबरोबर, जनरेटर सांभाळायला. लोक विचारायचे, अस्वल दिसलं का? तो म्हणायचा, अस्वल न्हाई, धूर दिसला. लोक हसायचे. मीही.

तो न चिडता समजावायचा. तिथं कारखाने नाहीत. पण युरोप-रशियातल्या कारखान्यांचा, कोळशाचा धूर हिवाळ्यात वाऱ्याबरोबर तिकडं सरकतो. थंडीत हवा ढवळत नाही, धुऊन काढायला पाऊस नाही. मग महिनोन्‌महिन्यांची रात्र सरून उजाडू लागलं की आभाळ तपकिरी दिसतं. आपल्याकडं थंडीत सकाळी चुलींचा धूर गावावर अडकतो, तसंच.

मी शाळेत भूगोल शिकवायचो. त्याची मुलगी माझ्याच वर्गात, आठवीत. परीक्षेत ध्रुवावरच्या हवेबद्दल तिनं बापाचंच सांगणं लिहिलं. मी शून्य दिलं आणि लाल शाईनं शेरा मारला: ‘घरच्या गप्पा उत्तरपत्रिकेत लिहू नयेत.’ तो वर्गात वाचूनही दाखवला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शाळेत आला. चप्पल दाराबाहेर काढून उभा राहिला.

“मार्क नका देऊ, सर. ‘घरच्या गप्पा’ तेवढं खोडा. लेकरू माझ्याकडं बघंना गेलंय.”

“पुस्तकात दाखव, खोडतो,” मी म्हणालो. बाकीचे शिक्षक हसले. पुस्तकात ते नव्हतंच. तो गेला. नंतरही माझी मोटार दुरुस्त करायचा, पण बघितलेलं काही सांगायचा नाही.

गेल्या वर्षी परभणीत एका शास्त्रज्ञाचं व्याख्यान ऐकलं. पडद्यावर तेच तपकिरी आभाळ होतं, आणि कारणंही मिस्त्रीनं सांगितलेलीच. तो जाऊन तोवर तीन वर्षं झाली होती.

मी त्याच्या मुलीकडं जिंतूरला गेलो. म्हणालो, तुझे वडील खरं बोलत होते, चूक माझी होती.

ती म्हणाली, “त्या पेपरानंतर मीच बाबाला म्हणलं होतं सर, शाळेत माझी लाज जाते, खोटं सांगत जाऊ नका. मग ते कधी बोललेच न्हाईत त्यावर.”

भिंतीवर त्याचा बर्फातला फोटो होता. जाडजूड कोट, तोंडभर हसू. तिनं पदरानं काच पुसली. पुन्हा पुसली. फोटोत त्याच्या डोक्यावरचं आभाळ मळकटच राहिलं.