पडद्यावरची चुळबुळ

रुग्णालयात तिला सगळे घार म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत ती दिवसभर चार पडद्यांसमोर बसायची. प्रत्येक पडद्यावर एक पलंग आणि पलंगावर डोक्याला वायरी चिकटवलेला माणूस. खाली त्याच्या मेंदूच्या रेघा सरकत असायच्या. माणूस हलला की बटण दाबायचं आणि त्या हालचालीला नाव द्यायचं. नावं यंत्रात आधीच भरलेली होती, सगळी इंग्रजी. त्यांतलंच एक निवडायचं, पदरचं काही लिहायची सोय नव्हती.

ती नावं तिला मास्तरांनी शिकवली. मास्तर म्हणजे त्या खोलीतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. ते नक्कल करून दाखवत. माशी बसल्यावर घोड्याची कातडी जागच्या जागी थरकते ना, तो ट्विच. कुणी दोरी ओढल्यासारखा अख्खा हात उडाला की जर्क. सुई बघून अंग चोरलं तर फ्लिंच. हात एकसारखा कापत राहिला तर ट्रेमर. "आणि सासरी पान वाढायला उशीर झाला की जावई जे करतो ना, ते फिजेट," मास्तर सांगायचे. तिने एकदा विचारलं होतं, डोळा लवतो, अंग शहारतं, त्यांचं काय करायचं? मास्तर म्हणाले, यंत्राला एवढंच येतं, जवळचं बघून बसवायचं.

वर्षभरात तिला या कामाची इतकी सवय झाली की घरीही तिची नजर लोकांच्या हातापायांवर असे. नवरा म्हणायचा, हिच्यासमोर जेवायची चोरी झालीय, घास उचलला तरी नाव ठेवेल.

दिवसभराचं चित्रण डॉक्टर पूर्ण बघत नसत. तेवढा वेळ कुणालाच नव्हता. जर्क अशी खूण असली की तो भाग ते पुन्हा पुन्हा बघत. फिजेट असलं की पुढे जात, कारण माणूस चुळबुळ करू लागला की स्नायूंमुळे रेघांचा नुसता गुंता होतो, त्यातून काही वाचता येत नाही. म्हणजे डॉक्टरांना काय दिसणार, हे आधी ती ठरवायची.

तिचा धाकटा भाऊ शहराची बस चालवायचा. डेपोत त्याच्या हातातून चहाचा पेला दोनदा उडाला, आणि एकदा किल्ली हातात धरून तो शून्यात बघत उभा राहिला. डेपोने त्याला तपासणीला पाठवलं. झटक्यांचा आजार निघाला तर लायसन जाणार होतं. आई त्याच्याकडे राहायची, मुलं शाळेत होती, आणि बस चालवण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. नात्यातल्या माणसावर नजर ठेवायची नाही, असा त्या खोलीचा नियम होता. पण बहीणभावाची आडनावं वेगळी होती आणि तिने कुणाला सांगितलं नाही. आई फोनवर म्हणाली होती, "तूच बस गं. परक्याच्या हाती देऊ नकोस त्याला."

सकाळ शांत गेली. त्याने कॅमेऱ्याकडे बघून वेडावून दाखवलं, वायरींचा फेटा छान बसलाय का म्हणून नर्सला विचारलं. दुपारी तो संत्रं सोलत होता. अचानक उजवा हात खांद्यापासून वर उडाला आणि संत्रं समोरच्या भिंतीवर आपटलं. त्याच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याने आधी हाताकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

तिने बटण दाबलं. नावांची यादी उघडली. तिने फिजेट निवडलं.

अहवाल स्वच्छ आला. भाऊ केक घेऊन तिच्या घरी आला आणि पोरांच्या नाकाला क्रीम लावत बसला. तिने काय निवडलं ते त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर ती कामावर जायच्या आधी त्याच्या बसमध्ये बसू लागली. त्याचा मार्ग रुग्णालयाच्या उलट दिशेचा होता. पुढच्या बाकावरून त्याचा उजवा हात नीट दिसायचा. "आईने पाळत ठेवायला पाठवलंय," असं तो कंडक्टरला हसत सांगायचा. हात ठीक दिसला की तिचा जीव भांड्यात पडे, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत.

एका सकाळी बाजाराच्या वळणावर तो हात स्टीअरिंगवरून उडाला, थेट संत्र्याच्या वेळी उडाला होता तसाच. बस फुटपाथवर चढली आणि धक्का देऊन थांबली. दाराशी उभा असलेला म्हातारा शिंपी खांबावर आपटला. त्याचं मनगट वाकडं झालं होतं, आणि तो ओरडत नव्हता, नुसता त्याकडे बघत होता.

कुणी काही विचारायच्या आत भाऊ म्हणाला की कुत्रं आडवं आलं. कंडक्टर मागे तिकिटं देत होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. त्याला बरंच वाटलं. कुत्रं म्हणजे कुणाचाच दोष नाही. तो तिच्याकडे वळला. "ताई, तुम्ही पुढेच होतात. कुत्रं होतं ना?"

"काळं होतं," भाऊ म्हणाला. "सांग ना त्याला."

"कुत्रं नव्हतं," ती म्हणाली. "याचा हात उडाला. आधीही उडालाय. तपासणीत मी पाहिलं होतं आणि मी ते लपवलं."

"ताई, गप बस," भाऊ हळू आवाजात म्हणाला. त्यापुढे तो तिच्याशी बोलला नाही, आजतागायत.

चित्रण पुन्हा उघडलं गेलं. मास्तरांनी तिला शेजारी बसवून तो भाग पाहिला, नाव बदललं आणि खुर्ची तिच्यापासून थोडी लांब सरकवली. तिची नोकरी त्याच आठवड्यात गेली, भावाचं लायसन त्यानंतर. आता तो गोळ्या घेतो, हात उडत नाही, पण बस परत मिळाली नाही. आई तिचा फोन उचलत नाही. ती एका धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालते. तिथे कुणाला तिचं टोपणनाव माहीत नाही.

शिंप्याला ती एकदा भेटून आली. मनगटात धातूची पट्टी बसवली आहे, पण कात्री धरता येत नाही. कापायचं काम आता त्याची मुलगी करते. त्या भेटीत तिने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही रोज त्या बसमध्ये बसून काय करणार होतात? हात उडाला असता तर धरणार होतात का?"

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. शिंपी कापडाचा तागा उलगडायला उठला, एका हाताने उलगडेना. तिने पुढे होऊन दुसरं टोक धरलं.

"राहू द्या," तो म्हणाला, आणि टोक दातात धरून त्याने तागा उलगडला.