खालांची कात्री

आमची लॉन्ड्री पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत. आलेल्या कपड्याला आतून नंबराचा कापडी टॅग लावायचा आणि तोच नंबर पावतीवर लिहायचा, हे काम माझं. टॅग धुलाईत निघत नाही, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांना मी सांगते, तो तसाच राहू द्या. सगळे ऐकतात. खाला सोडून.

खाला आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचे दोन्ही मुलगे दुबईला असतात. यंदा दोघं एकदमच सुट्टीवर आले. दोघांचे पायघोळ पांढरे झब्बे एकाच शिंप्याकडचे. थोरला चार बोटं उंच, पण घडी घातलेल्या झब्ब्यावरून ते कसं कळणार? मी दोघांना वेगळे नंबर लावले. पुढच्या खेपेला सगळे झब्बे टॅगविना आले.

"खाला, टॅग कुठे गेले?"

"कापले. मानेला टोचतात. पोरांनी नमाज पढायची की मान खाजवायची?"

मग मी टॅग खाली, घेराच्या दुमडीत लावले. खालांनी तेही कापले. कापताना एका झब्ब्याला भोक पाडलं आणि त्याचा दोष मलाच दिला.

शेवटी व्हायचं तेच झालं. दोघे भाऊ दुकानात येऊन झब्बे अंगाला लावून बघू लागले. "हा माझा." "तुझा कसा? माझाच आहे." शालू न्यायला आलेली एक बाई मागे ताटकळत होती. माझं डोकंच फिरलं.

"घरी जाऊन आईला विचारा!"

"आईनंच तुमच्याकडे पाठवलंय," थोरला म्हणाला.

धाकटा दुबईला परत गेला आणि लगेच त्याचा खालांना फोन आला. त्या तेव्हा माझ्याच काउंटरपाशी उभ्या होत्या. झब्बा जमिनीवर लोळतोय, अशी त्याची तक्रार. आता मला बोलणी बसणार, म्हणून मी कंबर कसून तयार.

"तूच बुटका, त्याला लॉन्ड्रीवाली काय करणार?" खालांनी त्याला सुनावलं आणि फोन ठेवला. मग थोरल्याला आखूड होणारे झब्बे धुवायला माझ्यापुढे सरकवले. मी नवा टॅग हातात घेतला.

"आता कशाला गं बेटी? आता घरात एकच पोरगा हाय."

त्यांचा आवाज जरा उतरला होता. माझा राग पुरता गेला नव्हता. मी टॅग लावला आणि पावती त्यांच्या हातात दिली.