शेठजींचं पोट आणि उलटी रजई

धर्मादाय समारंभांचा मला मनापासून तिटकारा आहे आणि तो मी मोठ्या प्रेमाने जोपासला आहे. जयपुरात त्याला खतपाणीही भरपूर मिळतं. थंडी अजून शहराच्या वेशीवर असते आणि सी-स्कीम या उच्चभ्रू भागातल्या हॉटेलांत गरिबांच्या कुडकुडण्यावर भाषणं सुरू होतात. हॉल असा तापवलेला असतो की साफा बांधलेल्या पाहुण्यांच्या कानामागून घाम ओघळतो.

मी इथे आलो तो बायकोच्या सामानाबरोबर. तिच्या बँकेने बदली केली, आणि मी इथल्या एका हिंदी वर्तमानपत्रात रोज तीन चौकटींची व्यंगचित्रपट्टी काढू लागलो. पट्टीत एक शेठ. डोकं सुपारीएवढं, पोट माठाएवढं. ते पोट मी एका फटकाऱ्यात काढतो. बातमी कोणतीही असो, रस्ता खचो नाहीतर पाणी तुंबो, तिसऱ्या चौकटीत पोट हजर. हा शेठ मी शहरातल्या एका बड्या बिल्डरवरून उचलला होता. संपादकांना ते ठाऊक होतं. पण तो बिल्डर आमच्या पेपरला पानभर जाहिराती द्यायचा, म्हणून ही गोष्ट आम्ही दोघं एकमेकांपाशीसुद्धा बोलत नव्हतो.

मग त्याच बिल्डरने सरकारी इस्पितळाबाहेर झोपणाऱ्या पेशंटांच्या नातेवाइकांना रजया वाटायचं ठरवलं. देणग्या गोळा करायला समारंभ ठेवला. मी मंचावर उभं राहून दात्यांची चित्रं काढावीत, असा संपादकांचा हुकूम आला. वर एक वाक्य, अगदी मऊ आवाजात:

"भाईसाहब, उनको खुश रखिए. नहीं तो पट्टी गई समझिए."

मी बेईमानी करायची असं पक्कं ठरवून गेलो होतो. चित्रात बिल्डरला मान देणार होतो, जी त्याला नाही. पोट आत घेणार होतो. मोठा कागद, जाड मार्कर, समोर साफ्यांचा समुद्र. आणि इतकी वर्षं रोज जे काढलं, ते हाताने मला न विचारता काढलं. एक फटकारा, पोट. वर सुपारी.

हॉल खदखदून हसला. सगळ्यांनी ओळखलं. पहिल्या रांगेत संपादकांनी साफा डोळ्यांपर्यंत ओढला. बिल्डर मंचावर चित्रापुढे आला.

"अरे, यह तो अखबार वाला शेठ है," तो म्हणाला. "मतलब, हम रोज छपते हैं?"

आणि त्याने मला मिठी मारली. ते पोट मला लागलं. अगदी मी काढतो तसंच होतं.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको भाजी निवडत होती. "अहो, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही त्याची फुकट जाहिरात करत होतात," एवढंच ती म्हणाली.

पुढे कळस झाला. त्याने माझं चित्र सांगानेरच्या कापड छापणाऱ्यांकडे नेऊन प्रत्येक रजईवर छापून घेतलं. जयपुरी रजई म्हणजे सायीसारखी मऊ. तिच्यावर आता रबरासारख्या जाड रंगाचं ते पोट. वाटपाचा फोटो पहिल्या पानावर आला. पेशंटांचे नातेवाईक हनुवटीपर्यंत पोट पांघरून बसलेले, मध्ये खुद्द शेठ. आमच्या जवाहर नगरच्या बागेत लोक मला 'शेठजी के कार्टूनवाले' म्हणू लागले. व्यंगचित्रकाराला मारायचं असेल तर त्याच्यावर खटला भरू नये, असंच करावं.

संतापाने एका सकाळी मी इस्पितळाच्या फुटपाथवर गेलो. रजया होत्या. पोट मात्र एकावरही दिसेना. साऱ्या रजया उलट्या पांघरलेल्या. एक बाई आपल्या रजईची घडी घालत होती, तिला मी कारण विचारलं. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

"रंग चुभता है, भैया. और ठंडा भी लगता है."

त्या बाईच्या पाया पडायचं तेवढं राहिलं. घरी येऊन बूट न काढता पट्टी काढली. पहिल्या चौकटीत शेठ एका बाईच्या अंगावर पोटाची रजई घालतोय. दुसरीत फोटोग्राफर. तिसरीत फोटोग्राफर गेलाय आणि रजई उलटी झालीय. तिसऱ्या चौकटीत पहिल्यांदाच पोट नव्हतं.

संपादक रजेवर होते म्हणून ती छापली गेली. छापून आली त्या सकाळी, माझा चहा व्हायच्या आत, त्यांचा फोन आला. खचलेले रस्ते, ढापलेल्या जमिनी, सगळ्यावर जो माणूस हसला होता, त्याला ही रजई पचली नव्हती. पट्टी बंद. संपादक खरोखर दुःखी होते. मी फक्त एवढंच विचारलं, तो नेमकं काय म्हणाला?

"बोले, हमारी फोटो को कोई उलटा कैसे ओढ़ सकता है."

"काम गेलं ना?" बायकोने विचारलं. "मग हसताय कशाला?"

"लागलं त्याला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पट्टीच्या जागी त्याच्या नव्या टॉवरची जाहिरात होती. चहा पिता पिता मी टॉवरला पोट काढलं.